गाणं म्हणून बरं वाटलं, तर लढा सुटला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकरोडच्या एका वस्तीत काही बायका आठवड्यातून एकदा जमतात. गाणी रचतात, गोधड्या शिवतात, घरात काय चाललंय ते एकमेकींना सांगतात. बहुतेक जणी धुणंभांडी करणाऱ्या किंवा विड्या वळणाऱ्या, आणि जवळपास सगळ्या दलित किंवा आदिवासी घरांतल्या. चळवळीतले काही जुने कार्यकर्ते त्यांना म्हणतात, हे मन रमवणं झालं, लढा वेगळा असतो. गट चालवणाऱ्या ताईंनी विचारलंय की यात खरं काय. पत्राच्या शेवटी त्यांनी एक ओळ लिहिलीय आणि मला वाटतं खरा प्रश्न तोच आहे: "तिथून उठल्यावर मला बरं वाटतं, आणि मग बरं वाटल्याचाच अपराध वाटतो."

मी नाशिक शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत समुपदेशनाचं आणि नाट्यगटांचं काम बरीच वर्षं करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, हा प्रतिकार आहे. पण आपोआप होत नाही, आणि तो कधी होतो, कधी नाही हे ओळखता येतं.

अन्यायाचं एक काम उघड्यावर चालतं. मजुरी कापली जाते, भाड्याने खोली नाकारली जाते, पाण्यावरून बोललं जातं. दुसरं काम माणसाच्या आत चालतं आणि ते फार चिवट असतं. ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाच वाटायला लागतं की खोट आपल्यातच आहे. माझ्याकडे येणाऱ्या बायका "माझ्यावर अन्याय झाला" असं म्हणत येत नाहीत. त्या सांगतात, डोकं जड राहतं, छातीत धडधडतं, रात्री दोनला जाग येते ती येतेच, कंबर धरलेली असते आणि डॉक्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहेत. अर्धा-पाऊण तास बसल्यावर कळतं की ती जिथे काम करते तिथे तिचा चहाचा कप वेगळा, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा ठेवलेला असतो. कपाबद्दल ती तक्रार करत नाही. उलट "माझंच मन हळवं आहे" असं म्हणते. कॉलेजातली पोरं सांगतात, कुणी "पूर्ण नाव काय?" विचारलं की पोटात गोळा येतो. ही लाज आपल्या जिल्ह्याला नवी नाही. विहितगावात जन्मलेल्या बाबुराव बागुलांच्या १९६३ सालच्या पहिल्या कथासंग्रहाचं नावच जात चोरण्याबद्दल आहे.

ही लाज मुळात त्या बाईची नसतेच. कप वेगळा ठेवणाऱ्याची ती लाज, आणि वाहते ही. म्हणून मी एकच कसोटी लावते. गाण्याने, शिवणकामाने, नाटकाने ती लाज जिची नाही तिच्या अंगावरून उतरून ज्याची आहे त्याच्या दारात गेली का? गेली असेल तर तो प्रतिकार, मग त्या दिवशी एकही घोषणा दिली नसली तरी. ती तिच्याच अंगावर राहिली आणि वर थोडा गारवा मिळाला, एवढंच झालं असेल तर तो विसावा. विसावाही लागतो, त्याला मी कमी लेखत नाही. पण त्याला प्रतिकार म्हणायचं नाही.

जुन्या कार्यकर्त्यांना राग न आणता एक आठवण करून द्या. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. आपल्याला त्यातली मिरवणूक आठवते, दारांवरचं धरणं आठवतं, बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड आठवतात. पण तो लढा काही वर्षं रेंगाळत चालला आणि देवळाचं दार त्या काळात उघडलंच नाही. गावोगाव महारांवर बहिष्कार पडले. दुकानदार माल देईनात, वाटा अडवल्या गेल्या. मिरवणूक एक दिवसाची असते, बहिष्कार रोज सकाळी उठल्यावर असतो. त्या रोजच्या दिवसांत माणसं कशी टिकली? त्याचं एक उत्तर म्हणजे जलसे. तमाशाच्या अंगाने वाढलेले कलावंत भीमराव कर्डकांसारख्यांच्या मंडळात ढोलकी घेऊन रात्री वस्तीत उभे राहत. गण, गवळण, वगाचा साचा ओळखीचाच, फक्त आतला मजकूर बदललेला. दिवसा पाणी नाकारलेला माणूस रात्री त्याच गावात बसून पाणी नाकारणाऱ्याची नक्कल बघत होता आणि शेजाऱ्याबरोबर मोठ्याने हसत होता. त्याच जिल्ह्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची परिषद झाली आणि हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा झाली. ती ऐकायला लोक तयार झाले होते ते नुसत्या ठरावांनी झाले नव्हते.

वामनदादा कर्डकही आपल्याच सिन्नर तालुक्यातले, देशवंडीचे. जन्म १९२२. मुंबईत मजुरी करत असताना कुणीतरी त्यांच्याकडे पत्र वाचून मागितलं आणि त्यांना वाचता येईना, ही हकिगत गावागावांत सांगितली जाते. पुढे ते अक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत सराव केला, आणि २००४ मध्ये जाईपर्यंत गाणी लिहीत, गात राहिले. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. न वाचता येण्याची लाज आधी होती. तिचं पुढे काय करायचं हे त्यांनी ठरवलं, आणि ती गाणी आज ज्यांना ती लाज माहीत आहे अशा लाखो लोकांच्या तोंडी आहेत.

आणखी मागे जा. १८५५ साली पुण्यात, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. चौदा वर्षांच्या आसपासचं वय. दुःख आहे एवढं सांगून ती थांबली नाही. ते कोणी दिलं, कुठल्या धर्माच्या आधारावर दिलं, हे तिने लिहिलं. दुःखाला नावगाव मिळालं. मी गटात ज्याची वाट बघते ते हेच.

जात्यावरच्या ओव्या तुम्ही नक्की ऐकल्या असतील. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात भावाची माया आहे, पंढरी आहे, बाबासाहेबांवरच्याही पुष्कळ आहेत, आणि सासरच्या जाचाबद्दल जे दिवसा तोंडातून काढता येत नव्हतं तेही आहे. पहाटे जात्याच्या घरघरीत ते बोलता येत होतं. पण एक लक्षात घ्या, जात्यावर बाई बहुतेक वेळा एकटी नसायची. दुसरी समोर खुंटा धरून असायची, एकीची ओवी संपली की दुसरी उचलायची. ऐकणारी होती म्हणून ते बोलणं होतं.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण कार्यकर्ते जे म्हणतात त्यात एक खरी भीती आहे. माणसाला जास्त सोसता यावं यासाठीही कला वापरली जाते. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात कामगारांसाठी "ताणमुक्ती" कार्यशाळा होतात. रंग देतात, डोळे मिटून बसवतात, गाणी म्हणवून घेतात. पाळी किती तासांची आहे, ओव्हरटाइमचे पैसे मिळतात का, हे मात्र तिथे बोलायचं नसतं. अशा ठिकाणी कुणी बोलावलं तर मी आधी एकच विचारते: कामगारांनी कामाच्या तासांबद्दल चित्र काढलं तर ते भिंतीवर लावाल का? उत्तरावरून जायचं की नाही ते ठरतं. तुमच्या गटालाही हा प्रश्न विचारता येईल. आपल्याकडे काय बोलायचं नसतं? ते जर नवऱ्यापासून मुकादमापर्यंत काहीही असू शकत असेल, तर तुमचा गट मोकळा आहे.

फ्रान्झ फॅनन हे मानसोपचारतज्ज्ञ होते. १९५३ मध्ये ते अल्जेरियातल्या ब्लिदा इथल्या इस्पितळात रुजू झाले. तिथे फ्रेंच राजवट होती. त्यांनी युरोपीय बायकांच्या वॉर्डात सण, सिनेमा, वार्तापत्र, शिवणकाम सुरू केलं आणि बायका सुधारू लागल्या. तेच जसंच्या तसं मुस्लिम पुरुषांच्या वॉर्डात केलं, तर माणसं निर्विकार बसून राहिली. फॅनन यांनी दोष रुग्णांना दिला नाही. या लोकांचं जगणं काय, ते कुठे एकत्र बसतात, कशाने मोकळे होतात हे आपण पाहिलंच नाही, असं त्यांनी आपल्या सहकाऱ्याबरोबर लिहून ठेवलं. मग इस्पितळात कहवाखाना आला, गोष्टी सांगणारा किस्सेवाला येऊ लागला, त्यांचे स्वतःचे सण साजरे होऊ लागले आणि वॉर्ड जिवंत झाला. याच फॅनन यांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला, कारण ज्या व्यवस्थेत माणूस स्वतःच्याच देशात परका केला जातो तिथे त्याला "बरं करून" त्याच व्यवस्थेत परत पाठवणं त्यांना पटेना. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या. कहवाखानाही उभारला आणि राजीनामाही दिला. गाणं की लढा असा प्रश्न विचारणाऱ्याला मी हीच हकिगत सांगते.

आपल्याकडे त्याचा अर्थ असा की भाषा आणि बसण्याची तऱ्हा त्यांचीच हवी. कळवण-सुरगाण्याकडच्या बायका गटात असतील तर त्यांना कोकणा बोलीत बोलू द्या, मालेगाव-बागलाणच्या असतील तर अहिराणीत. "शुद्ध बोला" असं जिथे एकदा ऐकलंय तिथे माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. खुर्च्या मांडू नका. हातात काम असू द्या. हात चालू असले की नजर खाली ठेवता येते आणि नजर खाली असली की कठीण गोष्ट बोलता येते. विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बायका जे बोलतात ते समुपदेशकाच्या टेबलासमोर महिनाभरात निघत नाही.

नाटकाबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाही, पण ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ब्राझीलचे नाटककार ऑगस्टो बोआल यांनी एक पद्धत घडवली. अन्यायाचा छोटा प्रसंग करून दाखवायचा, तो वाईट संपवायचा, आणि मग प्रेक्षकांतल्या कुणीही "थांबा" म्हणून उठायचं, पीडिताच्या जागी उभं राहायचं आणि वेगळं काही करून बघायचं. बंगालमध्ये जन संस्कृती ही संस्था १९८५ पासून खेड्यांत हे काम करते आहे.

सिन्नरकडच्या विडी कामगार बायकांच्या एका गटात हा खेळ झाला तो सांगते. प्रसंग त्यांनीच निवडला: छाट. बाई दिवसभर वळलेल्या विड्या घेऊन जाते. तपासणारा जुडी हातात घेतो, अंगठ्याने दाबतो, चार-दोन मोडतो आणि मूठभर बाजूला टाकतो. छाट. तिचे पैसे नाहीत, आणि त्या विड्याही बाईला परत मिळत नाहीत. तपासणाऱ्याचं काम करायला गटातली सगळ्यात गप्प बाई उठली. तिने कानाला पेन्सिल अडकवली, एक पाय स्टुलावर ठेवला, बाईकडे न बघता हात पुढे केला आणि बोटांनी नुसतं "आण, आण" असं केलं. सगळ्या जणी हसून लोटपोट. इतकी वर्षं खाली मान घालून उभं राहताना तिने त्या माणसाचा कण न कण पाहून ठेवला होता. घाबरलेला माणूस फार बारीक बघतो. तिचं ते बघणं आजवर तिला फक्त जपून राहायला उपयोगी पडत होतं, त्या दिवशी ते सगळ्यांच्या कामाला आलं.

मग एकेक जण उठली. पहिली भांडली, तर तपासणाऱ्याने सगळीच जुडी छाटीत टाकली. दुसरी रडली, त्याने चहा मागवला. तिसरी काहीच बोलली नाही. खाली बसली आणि छाटलेल्या विड्या मोठ्याने मोजू लागली. एक, दोन, तीन. तपासणारा झालेली बाई क्षणभर गोंधळली. पुढे काय करायचं ते तिला सुचेना, कारण खऱ्या माणसालाही ते कधी करावं लागलं नव्हतं. तिथे सगळ्यांना दिसलं की त्याचा जोर कोणी न मोजण्यावर चालतो. नंतर त्यांनी ठरवलं की एकटीने जायचं नाही, दोघी-तिघींनी जायचं आणि मोजून छाट वहीत लिहायची. तेव्हा लागू असलेल्या १९६६ च्या विडी आणि सिगार कामगारांच्या कायद्यात छाटीच्या वादाची दाद मागायची तरतूद होती, हे मी त्या दिवशी नाटकानंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर ती आणखी एक माहिती झाली असती. मोजून झाल्यावर ते हत्यार झालं.

त्यात एक काळजी घ्यावी लागते. जी अत्याचार करणाऱ्याचं काम करते तिच्या अंगावरून ती भूमिका उतरवावी लागते. पेन्सिल खाली ठेवायची, हात-तोंड धुवायचं, स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, आणि शेजारणीने तिला तिच्या नावाने हाक मारायची. हे न करता घरी पाठवलं तर ती बाई रात्री तळमळते. खेळ संपला की पाच-दहा मिनिटं यासाठी राखून ठेवा, मग कितीही उशीर झालेला असो.

लिहिण्याबद्दल. मनातलं लिहून काढलं की बरं वाटतं, हे सगळीकडे सांगितलं जातं. त्यामागे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचं १९८६ सालचं काम आहे. सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या जखमेबद्दल लिहायचं. पुढे या प्रकारच्या १४६ अभ्यासांचा २००६ मध्ये एकत्र हिशेब मांडला गेला. फायदा आहे, पण सरासरी लहान आहे. म्हणून मी लिहायची सक्ती करत नाही. ज्यांना शाळेत पाटीवरून मार बसला, अंगठा उठवण्यावरून हसू झालं, त्यांच्यासाठी कागद ही मोकळं होण्याची जागा नसते. त्यांनी सांगावं, दुसरीने लिहावं, आणि लिहिलेलं लगेच वाचून दाखवावं. स्वतःचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं हे मोठं औषध आहे. कुणी सावकाश, कौतुकाने आपलं बोलणं वाचून दाखवतंय हा अनुभव बऱ्याच जणींना आयुष्यात पहिल्यांदा येतो.

गाण्याचा गुण वेगळा. ब्रिटनमध्ये प्रौढांच्या गाण्याच्या वर्गांची हस्तकला आणि लेखनाच्या वर्गांशी तुलना झाली, २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. गाणाऱ्यांमध्ये जवळीक फार लवकर झाली. सात महिन्यांनी बाकीचे गटही तेवढेच जवळ आले होते. यातून माझ्यापुरता धडा असा की नवा गट असेल तर गाण्याने सुरुवात करा, शिवण आणि लिखाण मागून आणा. नाशिकमध्ये तर ढोल आहे. पण ढोलाने बोलणं बुडतं, म्हणून तो शेवटी.

गोधड्यांचं तुम्ही जरा संकोचाने लिहिलंय, जणू गाण्यापेक्षा ते कमी प्रतीचं काम. १९७३ मध्ये चिलीत लष्कराने सत्ता घेतली आणि हजाराहून जास्त माणसं नाहीशी केली गेली. त्यांच्या आया, बायका, बहिणी सांतियागोत चर्चच्या आश्रयाने जमू लागल्या आणि चिंध्या जोडून चित्रं शिवू लागल्या. त्यात कधी हरवलेल्या माणसाच्याच सदऱ्याचा तुकडा असायचा. पोलीस, बंद पडलेला कारखाना, रिकामं ताट, "कुठे आहेत ते?" असा प्रश्न, सगळं सुईदोऱ्याने. ही कापडं गुपचूप परदेशी जायची, विकली जायची, त्यांवर घरं चालायची आणि जगाला बातमी कळायची. वर्तमानपत्रं गप्प होती तेव्हा हे घडलं. शिवणाऱ्या बायका आधी एकमेकींना भेटल्या, आपल्यासारख्या इतक्या जणी आहेत हे त्यांना कळलं, तिथेच अर्ध्या त्या सावरल्या. तुमच्या गोधडीत जुनं लुगडं, पोराचा गणवेश, नवऱ्याची कामाची पँट असते. कोणता तुकडा कुणाचा हे शिवताना सांगायचा रिवाज पाडा, एवढंच पुरे आहे.

दुःखाच्या बाबतीत आदिवासी भागाकडून शिकण्यासारखं फार आहे. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या कोकणा समाजात थाळगान आहे. काशाच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने काडी उभी करतात आणि ती बोटांनी वरून खाली ओढत राहतात. त्यातून सलग गुंजणारा सूर निघतो आणि थाळकरी त्यावर कथा लावतो. कोणी गेल्यावरच्या विधीतही ही कथा चालते, रात्रभर. शोक करणाऱ्याला कुणी "सावर आता" म्हणत नाही. त्याच्यासोबत रात्र जागवली जाते, त्याने फक्त बसायचं. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे टप्पे मांडले. आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. थाळीभोवतीच्या रात्रीत मला हे तिन्ही दिसतात. आपल्या शहरी गटांत मधला टप्पा उरकून टाकायची घाई असते. बाई रडायला लागली की आपण पाणी देतो, पाठ थोपटतो आणि लगेच प्रेरणागीत सुरू करतो. तसं करू नका. रडू पुरं होऊ द्या.

सुरक्षितता पहिली, म्हणून काही गोष्टी स्पष्टच सांगते. घरात मार चालू असेल, धमकी असेल, जातीवरून हल्ला झाला असेल, तर गाणं नंतर. आधी निवारा, वैद्यकीय तपासणी, पोलीस, वकील, अनुसूचित जाती-जमातींसाठीचा १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. कुणी मरण्याबद्दल बोलत असेल, कितीतरी रात्री झोपलेली नसेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर गटावर ते ओझं टाकू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, फोन मोफत, कधीही करता येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार मिळणं हा हक्क आहे, आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीवर तीव्र ताण होता असंच कायदा धरून चालतो. पोलिसांच्या भीतीने बाईला लपवून ठेवणाऱ्या घरांना हे सांगा. गोळ्या सुरू असलेली बाई गटात येऊ शकते, यावी. गोळ्या सोडून फक्त गाण्यावर राहा असं मात्र कुणालाही सांगू नका.

इगतपुरीबद्दल कार्यकर्ते मला नेहमी विचारतात. १९७६ पासून तिथे धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे, दहा दिवसांच्या मौनाने पुष्कळांना निवांतपणा मिळतो. माझं मत: थकलेल्या कार्यकर्त्याने जरूर जावं. ताज्या आघातातल्या माणसाने जाऊ नये, कारण दहा दिवस गप्प बसल्यावर तोच प्रसंग पुन्हा पुन्हा वर येतो आणि शेजारी हात धरणारं कुणी नसतं. गटाला पर्याय म्हणून तर नाहीच.

व्यासपीठाचा प्रश्न तुम्हाला लवकरच येणार आहे. गाणी चांगली झाली की पाहुणे येतात. १४ एप्रिलला, ८ मार्चला बोलावणी येतात. "तुमच्यातल्या एकीने आपली कहाणी सांगावी" असं कुणीतरी अगदी चांगल्या मनाने म्हणतं. गटात सांगितलेली गोष्ट आणि माइकवर सांगितलेली गोष्ट यांत फार अंतर आहे. गटात ऐकणारी उद्या तिची गोष्ट सांगणार असते. माइकसमोर बसलेला पाहुणा टाळ्या वाजवून गाडीत बसतो आणि बाई रिकामी होऊन घरी जाते. म्हणून नियम करा: कहाणी स्टेजवर जाणार नाही, गाणं जाईल. गाणं सगळ्यांचं असतं, त्यात कुणाचं घर उघडं पडत नाही. फोटो आणि व्हिडिओ सगळ्या जणी हो म्हणाल्या तरच, आणि एकीने नंतर नको म्हटलं तरी काढून टाकायचा. मानधन मागा. चहा-नाश्त्यावर गाणी म्हणायची सवय वस्तीतल्या कलावंताला लावली गेलीय, ती मोडणं हाही याच कामाचा भाग आहे.

आता अपराधाबद्दल. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा आठवा. सहा दिवस, सुमारे १८० किलोमीटर, बहुतेक माणसं सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणकडची आदिवासी. सोलून निघालेल्या तळपायांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. मुंबईत पोरांच्या परीक्षा होत्या म्हणून शेवटचा टप्पा ते रात्री चालले, हेही सगळ्यांना माहीत आहे. मुक्कामावर पावरी वाजत होती, माणसं फेर धरून नाचत होती, हे कमी लोकांनी पाहिलं. दिवसभर उन्हात चाललेली माणसं संध्याकाळी नाचतात, त्यांना कुणी विचारलं नाही की तुम्हाला बरं कसं वाटतं. नाचले म्हणून सकाळी उठून चालता आलं, असं त्यांच्यातल्या कुणालाही विचारलंत तर सहज सांगतील.

तुम्हाला जे वाटतं त्याचं मूळ मला ओळखीचं आहे. बाईने, आणि त्यातही दलित बाईने, स्वतःसाठी एक तास काढला की कुणाचं तरी काहीतरी चुकवून काढला असं वाटतं. पिढ्यान्‌पिढ्या तिच्या वेळेवर हक्क दुसऱ्यांचा होता. तिची विश्रांती म्हणजे कामचुकारपणा असं ज्यांनी ठरवलं, त्यांचा आवाज आता तुमच्या डोक्यात तुमच्याच आवाजात बोलतोय. वर मी लाजेबद्दल जे म्हटलं तेच अपराधालाही लागू आहे: तो तुमचा नाही. पुढच्या बैठकीत हे गटासमोर मोठ्याने बोला. मला खात्री आहे की निम्म्या जणी "मलाही" म्हणतील आणि त्यावर एक चांगलं गाणं निघेल.

जुन्या कार्यकर्त्यांना टाळू नका, गटात बोलवा. भाषणाला नको. त्यांच्यातल्या ज्यांनी लहानपणी वस्तीत जलसे पाहिलेत त्यांना आठवेल ते म्हणून दाखवायला सांगा, चाली लिहून घ्या, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. आणि विडी कामगार बायकांसाठी त्यांच्याकडून एक ठोस मदत मागा: कामगार कार्यालयात अर्ज कसा लिहायचा, कुणाला भेटायचं, पोच कशी घ्यायची. हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं येतं. बैठकीची वेळ मात्र विडी देऊन परतल्यावरची ठेवा आणि लहान पोरांना सोबत आणू द्या. पोरांसाठी एका कोपऱ्यात खडू आणि जुने कागद ठेवले की दोन तास निभतात.